टॉनिकवाले नाना

नाना आजारी नाहीत, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची हिंमत अख्ख्या पाचोऱ्यात कोणाची नाही. पासष्टी उलटलेली, उमेदीची वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींचा हिशेब लिहिण्यात गेलेली, आवाज असा की भडगाव रोडवरून हाक मारली तर बाजारातलं गिऱ्हाईक वळून बघतं. तरी "कसं काय, नाना?" म्हटलं की त्यांचा हात आपोआप पोटावर जातो. "काय सांगू भो, आंगमा ताकदच नही राहिनी." एवढं बोलून ते आपल्याला बसायला सांगतात, कारण पुढची हकिकत उभ्याने ऐकण्याजोगी नसते.

तक्रारी तीन. नसा ओढल्यासारख्या होतात, जेवण पोटात 'धरून बसतं' आणि तिसरी 'एकंदर'. ही तिसरी शरीरात नेमकी कुठे राहते ते नानांनाही सांगता येत नाही, पण सर्वांत जास्त त्रास तिचाच. दुसरीबद्दल मात्र माझा नानांवर विश्वास आहे. हिवाळ्यात शेतात भरिताचा बेत असला की कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जात असताना नाना उसासे टाकत बसलेले असतात. मग पंगत बसते, कळण्याच्या पुऱ्यांची एक चळत संपते, दुसरी संपते, आणि हात धुताना नाना म्हणतात, "भूक म्हणून लागत नाही हल्ली." जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नानांच्या पोटाला मिळायचं राहून गेलं.

यावरचा उपाय देवघराशेजारच्या कोनाड्यात ओळीने उभा आहे. सकाळी नसांचं, दुपारी लिव्हरचं, रात्री पचनाचं. बाटली कशी हलवायची याचंही शास्त्र आहे. तळाशी जो गाळ बसतो त्यातच सगळा गुण, असं नाना मानतात. म्हणून शेवटचा घोट पाणी घालून, विसळून घ्यायचा. झाकणाचं माप त्यांना पटत नाही. "झाकण कंपनीचं असतं, पोट आपलं," असं म्हणून ते वाटी काढतात. रिकामी बाटली फेकत नाहीत. एकीत एरंडेल असतं, एकीत फिनेल. सुनेने दोन्हींवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या आहेत, आणि या घरात खरोखर कोणाचा जीव वाचला असेल तर तो त्या चिठ्ठ्यांनी.

मध्यंतरी एका डॉक्टरने सुटका करून घ्यायला बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक झाली. त्या गोळ्यांतलं जास्तीचं रायबोफ्लेव्हिन शरीर तसंच बाहेर टाकतं, त्याचा तो रंग. नाना म्हणाले, "उष्णता निघाली." पुढचे काही दिवस चहाच्या टपरीवर हा विषय पोह्यांच्या वेळीच निघत असे.

नानांना एकट्याला हसण्यात अर्थ नाही, त्यांचं घराणं मोठं आहे. त्यांच्या आजोबांच्या काळात वर्तमानपत्रांत जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांच्या आणि रक्तशुद्धीसाठी डॉ. वामन गोपाळांच्या सार्सापरिलाच्या जाहिराती झळकत. तिकडे अमेरिकेत लिडिया पिंकहॅम बाईंचं वनस्पतींचं टॉनिक १८७५पासून बाजारात होतं. त्यात १८ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असे, आणि दारूच्या नावाने बोटं मोडणाऱ्या सोज्वळ बायाही ते नेमाने घेत. आपल्याकडे १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने ५४ आजारांची यादी करून ते बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी घातली. मधुमेह त्यात आहे, मज्जातंतूंचा अशक्तपणाही आहे. 'एकंदर' मात्र यादीत नाही. टॉनिकांचा सगळा संसार त्या फटीत सुखाने चालला आहे.

आता मुद्द्याची बाटली. नाना माळकरी आहेत. एकादशी चुकत नाही, आणि दारूचं नाव काढलं की ते चूळ भरतात. रात्रीच्या जेवणानंतर मात्र अरिष्ट घेतात. अरिष्ट म्हणजे औषधी काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून, भांड्याचं तोंड बंद करून आंबवलेलं औषध. ही धायटी आपल्या सातपुड्यातही फुलते. आंबताना त्यात जो मद्यार्क तयार होतो तो साधारण ५ ते १२ टक्के, म्हणजे बिअरच्या तोडीचा किंवा तिच्याहूनही चढा. समप्रमाणात पाणी घालून दोन-तीन चमचे घ्यायचं असं औषध ते. वैद्याच्या हातात त्याला मान आहे. नाना वाटीने घेतात. मग कान लाल होतात, नसा सैल होतात, 'एकंदर' निवतं, आणि सलग दोन अभंग सुरात लागतात.

फार्मसीला असलेल्या नातवाने एकदा लेबल मोठ्याने वाचून दाखवलं: 'स्वयंजनित मद्यार्क'. घरात शांतता पसरली. नानांनी शांतपणे विचारलं, "आपोआप झालं म्हणतो ना? मंग पाप कोणाला?"

हा युक्तिवाद फार वेडगळ म्हणता येत नाही. पाचोरा मुंबई राज्यात होता तेव्हा १९४९चा दारूबंदी कायदा आला. १९५१मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली मद्यार्कयुक्त औषधांवरची बंधनं रद्द ठरवली. नानांनी तो निकाल वाचलेला नाही, पण त्याचं पालन त्यांच्याइतकं निष्ठेने कोणी केलं नसेल.

डॉक्टरांकडे नाना जातात ते दाद मिळवायला. "सगळं नॉर्मल आहे" हे त्यांना शिवीसारखं लागतं. गेल्या खेपेला तपासण्यांत एकच गोष्ट सापडली, रक्तातली साखर वाढलेली. हा खरा आजार, आकड्यासकट हातात दिलेला! नानांनी कागद घडी करून खिशात घातला. "साखर काय, सगळ्यांलेच असते. माझ्या नसांचं बोला." ज्याला आकडा आहे, पथ्य आहे आणि ज्याची गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याची भुवई वर जात नाही, तो आजार नानांच्या काय कामाचा? आणि त्या अरिष्टात गूळ किती असतो हे सांगायला गेलेल्या नातवाला पुढचा आठवडाभर 'डॉक्टरसाहेब' अशी हाक ऐकावी लागली.

कारणमीमांसेत तर नानांचा हात कोणी धरू शकत नाही. पाचोरा-जामनेर छोटी गाडी, आपली पीजे, २०२०मध्ये थांबली. नानांचं पचन तेव्हापासून बिघडलं, असं ते सांगतात. "छप्पन किलोमीटर धक्के खायचो भो, जामनेरला उतरेपर्यंत पोट साफ." आता तिथे मोठा रूळ होणार आहे. पण मोठ्या गाडीला तसे धक्के नसतील, ही काळजी त्यांना आत्तापासून लागली आहे.

पाचोऱ्याला उतरलात तर नानांना अवश्य भेटा. पावसाचं विचारा, कापसाच्या भावाचं विचारा, पुढची गाडी दोन तास लेट असल्याशिवाय तब्येतीचं विचारू नका. आणि तुमच्या घरीही असे नाना असतील, त्यांचा साखरेचा कागद कुठल्या तरी खिशात घडी होऊन पडला असेल, तर तो आजच काढा आणि बाटलीसकट डॉक्टरांना दाखवा.