साइटमॅप कशात काढावा?

वेबसाइट बांधण्याआधी तिच्यात कोणती पाने असतील, कोणते पान कोणाच्या पोटात जाईल आणि कुठून कुठे जाता येईल, हे ठरवून लिहून ठेवावे लागते. या आराखड्याला धंद्यात साइटमॅप म्हणतात. तो काढण्यापेक्षा तो कशात काढायचा हे ठरवणे फार सुखाचे असते. म्हणून ते काम आधी हाती घेतात आणि पुरवून पुरवून करतात.

साधनांतला सर्वांत प्रतिष्ठित वर्ग चौकोन-बाणांचा. त्याचा मूळपुरुष म्हणजे १९९२ साली आलेले व्हिजिओ. त्याची कंपनी २००० साली मायक्रोसॉफ्टच्या घरात गेली. व्हिजिओत चौकोन सरकवला की त्याला जोडलेला बाणही मुकाट्याने मागे जातो. हे पाहण्यासाठीच कित्येक चौकोन विनाकारण सरकवले जातात. मॅकवाल्यांचे दैवत वेगळे, ऑम्निग्राफल. ज्या कचेरीत दोन्ही पंथांचे लोक असतात तिथे अखेर पीडीएफ निघते, पीडीएफची छपाई होते आणि दुरुस्त्या लाल पेनने होतात. २००० सालीच जेसी जेम्स गॅरेट यांनी अशा आकृत्यांसाठी चिन्हांची एक पद्धत मांडली. ती फळ्यावर हाताने काढता यावी आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला बांधलेली नसावी, ही त्यांची अट होती. लोकांना पद्धत पटली; मग त्या चिन्हांचे व्हिजिओ आणि ऑम्निग्राफलसाठी तयार संच निघाले.

दुसरा वर्ग माइंड मॅपचा. एक्समाइंडमध्ये एंटर दाबला की भावंड जन्मते, टॅब दाबला की अपत्य. बैठकीत लोक बोलतील त्या वेगाने वंश वाढतो, कुटुंबनियोजनाची सोय नाही. अडचण अशी की इथे प्रत्येक अपत्याला पालक एकच. एखाद्या महाविद्यालयाचा ‘शिष्यवृत्ती’ विभाग ‘प्रवेश’ या पानाखाली जावा की ‘विद्यार्थी कल्याण’खाली, हा वाद झाडाच्या आकृतीने मिटत नाही, उलट दोन्ही विभागप्रमुखांच्या डोळ्यांसमोर येतो. खरे तर हे काम विद्यार्थ्यांवरच सोपवावे: पानांची नावे कागदाच्या तुकड्यांवर लिहून द्यावीत आणि ते कसे गठ्ठे लावतात ते पाहावे. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. खर्च नगण्य, म्हणून कोणाला फारसे पटत नाही. तीच गोष्ट मिरोसारख्या ऑनलाइन फळ्यावर, पिवळ्या चिठ्ठ्यांच्या चित्रांनिशी केली की मात्र मंजुरी मिळते.

तिसरे साधन एक्सेल. त्याची शिफारस कोणी करत नाही आणि वापर सगळे करतात. एका ओळीत एक पान, रकाने क्रमांकाचे (१.०, १.१, १.१.२), शीर्षकाचे, पत्त्याचे, साच्याचे, मजकूर आला की नाही याचे. २००७पासून एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे ‘प्राचार्यांचे मनोगत’ कितीही वेळा आले तरी जागा उरते. दिसायला ही शीट रूक्ष असते, पण तिच्यात दुरुस्ती करायला ना वेगळा परवाना लागतो ना प्रशिक्षण. आकृतीच्या बाबतीत मात्र ती काढणारा नोकरी सोडून गेला की आकृती त्याच तारखेला गोठते. साधन निवडताना ‘सुंदर कशात दिसेल’ याऐवजी ‘सहा महिन्यांनी दुरुस्ती कोण करणार’ हे विचारले, तर निम्मी नावे आपोआप गळतात. एक्सेलमध्ये ‘जबाबदार व्यक्ती’ नावाचा रकानाही करता येतो. तो बहुधा रिकामा राहतो, आणि वेबसाइटची पुढची अवस्था काय होणार हे त्या रिकाम्या रकान्यातून जितके कळते तितके कोणत्याही आकृतीतून कळत नाही.

जुनी वेबसाइट नव्याने मांडायची असेल तर आधी तिथे काय आहे ते मोजावे लागते. त्यासाठी स्क्रीमिंग फ्रॉग हे ब्रिटिश सॉफ्टवेअर आहे. ५०० पत्त्यांपर्यंत फुकट. ते दुव्यांवरून उड्या मारत पानांची यादी आणते. त्या यादीत २०११च्या स्नेहसंमेलनाचे निमंत्रण, रद्द झालेल्या निविदा आणि ‘चाचणी पान २’ सापडते, आणि यांतले कोणतेही काढायला कोणी परवानगी देत नाही. ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही, ते मात्र या बेडकाला नुसत्या उड्या मारून सापडत नाही. अशी पाने कुठे आहेत हे संगणक विभागातल्या एखाद्या जुन्या माणसाला ठाऊक असते. तो निवृत्त झालेला असतो, पण त्याला फोन करायला कोणतेही सॉफ्टवेअर निवडावे लागत नाही.