नारळाचा नंबर काय?

नारळाला तीन डोळे असतात आणि तो माणूस बघून पडतो, असं आमची आत्या शपथेवर सांगते. गुहागरच्या तिच्या वाडीत इतक्या पिढ्या वावरल्या, पण कुणाच्या टाळक्यात नारळ पडल्याचं ऐकिवात नाही. मोटारगाड्यांबद्दल मात्र नारळाला काही सूचना नसाव्यात. "उन्हात कशाला तापवतोस, सावलीत लाव," असं तिनंच सांगितलं म्हणून लावलेल्या माझ्या गाडीच्या काचेवर तो भर दुपारी उतरला, तिथून उसळून बोनेटवर बसला आणि जाता जाता डावा आरसाही घेऊन गेला.

विमा कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, तीन दाबला. पलीकडून हिंदी आलं.

"सर, सामनेवाली गाड़ी का नंबर?"

"गाडी नव्हती. नारळ होता. नारियल."

"ट्रक से गिरा?"

"झाडावरून. पेड़ से."

बराच वेळ कीबोर्डची टकटक. "सर, सिस्टीम में नारियल नहीं है. 'स्थिर वस्तु से टक्कर' डाल दूँ?"

"अहो, स्थिर मी होतो!"

शेवटी 'अन्य' या रकान्यात नारळाची सोय झाली.

मग क्लेम फॉर्म. अपघातसमयी वाहनाचा वेग: शून्य. चालक कुठे होता: ओटीवर, आमटीभात जेवून आडवा. तरीही चालकाच्या लायसन्सची प्रत हवीच. घटनास्थळाचं रेखाचित्रही हवं. मी झाड काढलं, गाडी काढली आणि वरून खाली एक बाण.

"हा बाण कसला?" चिपळूणच्या गॅरेजात सर्व्हेअरनी विचारलं.

"गुरुत्वाकर्षण."

ते हसले नाहीत. गाडीचे चहूबाजूंनी फोटो काढले, चॅसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि म्हणाले, "नारळ कुठाय?"

आत्याला फोन केला. "कुठला नारळ? तो तडकलेला? त्याच्या वड्या केल्या की रे! तुझ्याच डब्यात दिल्यात." सर्व्हेअरसाहेबांनी पुराव्यातला एक तुकडा चाखला, "वेलची छान आहे," म्हणाले आणि नुकसान खरं असल्याची त्यांची खात्री पटली.

खरी मौज पुढे, घसाऱ्यात. विमावाल्यांचं स्वतःचं अध्यात्म आहे. काच अमर: ती कितीही वर्षांची असो, घसारा शून्य. पत्रा आपल्यासारखा मर्त्य, वयाप्रमाणे झिजणारा. गाडीचं चौथं वर्ष चालू असेल तर २५ टक्के गेला. आणि प्लास्टिक, रबर, बॅटरी ही मंडळी जन्मतःच अर्धमेली: शोरूममधून कालच बाहेर पडली असली तरी ५० टक्के कापलेच. शेकडो वर्षं कुजत नाही म्हणून ज्या प्लास्टिकच्या नावानं जग बोटं मोडतं, ते विमा कंपनीच्या वहीत पहिल्याच दिवशी निम्मं संपलेलं असतं. थोडा जास्त हप्ता भरून 'झिरो डेप' घेतलं, की तेच प्लास्टिक काचेच्या पंक्तीला बसून अमर होतं. इतक्या स्वस्तात मोक्ष कुठल्याही संप्रदायात नाही.

गॅरेजवाल्याचं बिल २८,००० झालं. काचेचे ९,००० पूर्ण मंजूर. बोनेट ८,०००चं, मिळाले ६,०००. आरसा ४,०००चा, मिळाले २,०००. मजुरीचे ३,००० पूर्ण. रंगकामाच्या ४,०००पैकी पाव भाग सामानाचा धरतात आणि सामानावर निम्मा घसारा, म्हणजे ३,५००. बेरीज २३,५००. त्यातून सक्तीचे १,००० वजा. ते कशाचे, असं विचारल्यावर एजंट म्हणाला, "ते असतातच." हाती २२,५००.

मी खूश होतोय म्हटल्यावर एजंटनं खिशातून कॅल्क्युलेटर काढला. "साहेब, नो क्लेम बोनस गेला." वर्षभर क्लेम केला नाही की हप्त्यातल्या स्वतःच्या गाडीच्या भागात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांवर मुक्काम. मी ३५च्या पायरीवर होतो, पुढची ४५ची. आता पुन्हा शून्यापासून चढायचं. हप्त्याचा तो भाग ९,००० धरला, तर पन्नाशी गाठेपर्यंत १०,८०० रुपये जास्त भरायचे. म्हणजे निम्मी भरपाई माझीच मला मिळाली होती, पाच वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांवर. "म्हणून शहाणी माणसं विमा काढतात आणि बारीकसारीक नुकसान मुकाट्यानं स्वतः भरतात," एजंट म्हणाला. हे ज्ञान त्यानं क्लेम मंजूर झाल्यावर दिलं, यातच त्याचं शहाणपण.

पैसे जमा झाले आणि पाठोपाठ मेसेज आला: 'आमच्या सेवेला १ ते ५ गुण द्या.' एव्हाना कंपनीची पद्धत माझ्या अंगात भिनली होती. मूळ किंमत ५ धरली. फोनवरचं सौजन्य प्लास्टिकचं, सबब ५० टक्के घसारा, राहिले अडीच. त्यातून सक्तीचा एक वजा. तो कशाचा, असं कंपनीनं विचारलं असतं तर सांगणार होतो, तो असतोच. उरला दीड. पण अर्धा गुण द्यायची सोय त्यांच्या सिस्टीममध्ये नव्हती, म्हणून नाइलाजानं एकावर बोट ठेवलं.