एका म्यानात तीन तलवारी

हा माणूस ज्या बँडमध्ये असतो, त्या बँडमधल्या बाकी सगळ्यांचं वाजवणं यथातथाच असतं. असं तो स्वतःच सांगतो. वर्ष-दोन वर्षं तो मन मारून त्यांच्यात काढतो, मग एके दिवशी तणतणत बाहेर पडतो आणि असाच तणतणत बाहेर पडलेला दुसरा एखादा गाठतो. तिसरा मिळाला की झाला सुपरग्रुप तयार! आजवर आपलं कुणाशी पटलं नाही ते समोरचे सुमार होते म्हणून; तोडीस तोड माणसं मिळाली की सगळं सुरळीत होईल, अशी त्याची भाबडी समजूत असते.

या जातीचा अस्सल नमुना पाहायचा तर १९६६ च्या लंडनला जावं लागतं. जिंजर बेकर हा लाल केसांचा, हाडकुळा, जॅझमध्ये मुरलेला ड्रमर. स्वतःचा बँड काढायचं त्याच्या मनात आलं. गिटारला त्याला एरिक क्लॅप्टनच हवा होता. क्लॅप्टनची ख्याती अशी, की इस्लिंग्टनमधल्या एका भिंतीवर कुणीतरी ‘क्लॅप्टन देव आहे’ असं रंगवून ठेवलेलं. देव राजी झाला, पण एका अटीवर : बासवर जॅक ब्रूस हवा. बोलणं चाललं होतं बेकरच्या गाडीत, आणि गाडी चालवत होता बेकर. अट ऐकून गाडी कशावर आदळली नाही एवढंच.

ब्रूस आणि बेकर त्याआधी ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये एकत्र होते आणि तिथे भर कार्यक्रमात त्यांची जुंपायची. बेकरने ब्रूसला काढून टाकलं, तरी ब्रूस आपला वाजवायला हजर! शेवटी बेकरने चाकू दाखवला तेव्हा कुठे तो गेला. (बाँडकडे त्याआधी काही काळ गिटार वाजवायचा जॉन मॅक्लॉफ्लिन. पुढे झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’त बसला तोच. वेळेवर सुटला म्हणायचं.) तर आता त्याच ब्रूसकडे बेकर स्वतः आमंत्रण घेऊन गेला. चाकूचं झालं गेलं विसरून दोघे एकत्र आले आणि बँडचं नाव ठेवलं ‘क्रीम’. विनयाचं खातं या मंडळींनी उघडलेलंच नव्हतं.

सुपरग्रुपवाल्याचं पहिलं लक्षण म्हणजे त्याला आपला आवाज कमी वाटतो. मंचावर मार्शलचे अँप्लिफायर एकावर एक रचून भिंत उभी करायची. गिटार वाढली की बास वाढणार, बास वाढला की बेकर दोन-दोन बास ड्रम तुडवत सुटणार. एका कार्यक्रमात क्लॅप्टनने वाजवणं मध्येच थांबवलं, तर उरलेल्या दोघांना पत्ताच लागला नाही! ही हकिगत पुढे त्यानेच सांगितली. ‘टोड’ हा बेकरचा ड्रम सोलो. ‘व्हील्स ऑफ फायर’ या अल्बमवर तो सोळा मिनिटं चालतो. त्यातला बहुतेक वेळ बाकीच्या दोघांना काही काम नाही. बँडमधला सर्वांत सलोख्याचा काळ तोच असावा, असा माझा अंदाज.

दुसरं लक्षण हिशेब. ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’चे श्रेयकर्ते म्हणून ब्रूस, क्लॅप्टन आणि कवी पीट ब्राउन यांची नावं लागली. त्या गाण्याची लय आपण संथ केली म्हणून ते उभं राहिलं, असं बेकरचं म्हणणं. बांधावरून कोर्टात गेलेल्या भावकीच्या चिकाटीने तो जन्मभर हे मांडत राहिला.

नोव्हेंबर १९६८ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. अडीच वर्षंही पुरती भरली नव्हती.

शहाणा झाला तर तो सुपरग्रुपवाला कसला? १९६९ मध्ये क्लॅप्टन स्टीव्ह विनवूडबरोबर शांतपणे वाजवत बसला होता. तिथे बेकर येऊन ठेपला. रिक ग्रेच आला आणि ‘ब्लाइंड फेथ’ उभा राहिला. हाइड पार्कात पहिल्याच कार्यक्रमाला अफाट गर्दी, मग एक अल्बम, एक अमेरिका दौरा आणि वर्षाच्या आत पांगापांग. त्या दौऱ्यात क्लॅप्टन स्वतःच्या बँडपेक्षा आधी वाजवणाऱ्या डिलेनी आणि बॉनीच्या घोळक्यातच जास्त रमला. बेकर पुढे रेंज रोव्हर घेऊन सहारा ओलांडून लागोसला गेला. मध्ये वाळवंट असलेलं बरं, असं इंग्लंडातही काहींना वाटलं असेल.

२००५ मध्ये क्रीमचे तिघे पुन्हा जमले. ब्रूसचं यकृत बदललेलं, बेकरचे सांधे धरलेले. मे महिन्यात लंडनला सगळं गोडीगुलाबीने पार पडलं, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला ब्रूस आणि बेकरची पुन्हा पेटली. बेकरवर २०१२ मध्ये माहितीपट निघाला, तर पठ्ठ्याने दिग्दर्शकाच्याच नाकावर काठी हाणली. चित्रपटाची सुरुवातच त्या प्रसंगाने होते.

या जातीला अपवादही आहे. १९८८ मध्ये जॉर्ज हॅरिसनला एका रेकॉर्डच्या मागल्या बाजूसाठी एक गाणं हवं होतं. बॉब डिलनच्या मॅलिबूच्या घरी गॅरेजमध्ये हॅरिसन, जेफ लिन, टॉम पेटी, रॉय ऑर्बिसन आणि यजमान असे जमले आणि तिथल्या एका खोक्यावरच्या चिठ्ठीवरून गाण्याला नावही मिळालं. गाणं मागल्या बाजूला टाकण्यासारखं नव्हतं, म्हणून पुढे अख्खा अल्बमच झाला. पाचांनी आपली नावं बाजूला ठेवली आणि विल्बरी आडनावाची खोटी नावं घेतली. पुढे दुसरा अल्बम निघाला, तर त्याला म्हटलं ‘खंड ३’! मोठेपणाची हौस आधीच फिटलेली असली की माणसं अशी वागू शकतात.

तरी खरं सांगायचं तर विल्बरींची गाणी मी एकदा ऐकतो आणि क्रीमची तीनदा. ‘व्हील्स ऑफ फायर’मधलं ‘क्रॉसरोड्स’ लावा. मार्च १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये, प्रेक्षकांपुढे वाजवलेलं. चार मिनिटं तिघे एकमेकांवर कुरघोडी करताहेत आणि कुणीही मागे हटत नाही. जगभरचे गिटारवाले हा तुकडा तोंडपाठ करतात. क्लॅप्टनला मात्र तो पसंत नाही. मध्येच आपला ठोका चुकलाय, अशी त्याची तक्रार आहे.