वाणगावचा हौशी मिस्त्री

हौशी मिस्त्री हा पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधल्या वाणगावात हमखास आढळणारा गृहस्थ. पोटापाण्यासाठी तो सुतार नसतो. तारापूर औद्योगिक वसाहतीत तो मेंटेनन्सला किंवा शिफ्ट सुपरवायझर असतो, आणि रोज पंप-व्हॉल्व्हशी झटणाऱ्याला लाकूड म्हणजे किरकोळ, असे त्याचे मत असते. घरातून मागणी येते ती एका फळीची, ओट्याच्या वर मसाल्याच्या बरण्या ठेवण्यापुरती. त्या फळीचे कपाट व्हायला एक कप चहा पुरतो.

जुन्या घरांत हा प्रकार नव्हता. जाड भिंतीत फडताळ असे, आढ्याला शिंके, धान्याला कणगी. ही सगळी सोय घर बांधणाऱ्याने नाहीतर घरातल्या बाईने केलेली असे, गृहस्थाच्या हौसेला त्यात शिरकाव नव्हता. पुढे फ्लॅट आले, भिंती चार-साडेचार इंचांवर आल्या, फडताळ गेले आणि हौशी मिस्त्री उदयाला आला.

खऱ्या मिस्त्रीला तो एकदा बोलावतो, पण काम देण्यासाठी नव्हे. मजुरीचा आकडा ऐकून ‘एवढ्यात मी दोन करीन’ असे म्हणण्यासाठी. मग अभ्यास सुरू होतो. पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचे मानक आयएस 710, हा आकडा तो गोत्रासारखा सांगतो. आठ बाय चारची, 18 मिलिमीटरची शीट बोईसरहून ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून येते. हौदा सातच फुटांचा, त्यामुळे शीट फूटभर बाहेर डोकावते. तिच्या टोकाला लाल फडके बांधलेले असते आणि तिला धरून तो स्वतः मागे बसलेला असतो. वाणगावच्या फाटकापासून घरापर्यंत सगळ्यांना बातमी कळते ती इथे.

त्याचे माप कधीच चुकत नाही. चुकते ती वजाबाकी. कपाट बाहेरून तीन फूट, म्हणजे 914 मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या फळ्या प्रत्येकी 18. म्हणजे आतला खण 878 हवा. तो 914च कापतो. कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर हुज्जत घालणारा हा माणूस घरी 36 मिलिमीटर विसरतो, आणि बोलणी खातो तो मोबाइलचा टॉर्च धरून उभा असलेला मुलगा. पुढच्या रविवारी एक बाजू भिंतीकडे सरकवली जाते, कपाट रुंदीने वाढते आणि त्याची दारे आखूड पडतात. मधली फट झाकायला पट्टी येते. ती ‘डिझाइन’ म्हणून लावली जाते.

कपाट वाकडे दिसते, असे घरातले कोणी म्हणालेच तर भिंत वाकडी निघते. इथे त्याच्यावर अन्याय करू नये. भिंत बहुधा खरोखरच वाकडी असते. कसलेला सुतार आधी ओळंबा आणि गुण्या लावून ते पाहतो आणि भिंतीच्या बाजूला छाटायला जागा सोडतो. हौशी मिस्त्री गुण्या लावतो तो शेवटी, पुरावा म्हणून. प्लायच्या कडेत भोक न पाडता स्क्रू पिळला की थर उकलतात, हेही त्याला कळते ते सातव्या स्क्रूला. मग फेविकॉल.

कपाटात काय ठेवायचे, हे मात्र कुणी मोजलेले नसते. खण फुटाफुटावर पाडले की प्लायची जाडी जाऊन आत पावणेएकोणतीस सेंटिमीटर उरतात. पंधरा किलोचा तेलाचा डबा साधारण 35 सेंटिमीटर उंच. तो आडवा ठेवावा, अशी सूचना एकदा होते. पुन्हा होत नाही. ओट्याखाली सिलिंडरलाही दार लागते आणि हवेसाठी भोकेही पडतात, पण वरच्या अंगाला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, म्हणून भोके खाली हवीत. हे सिलिंडर आणणारा पोऱ्या सांगतो. खालची भोके मग खरोखर पडतात, आणि वरची ‘जास्तीची सोय’ म्हणून राहतात.

खरी परीक्षा जूनमध्ये. सनमायका समोरून चकचकीत असतो, पण कापलेल्या कडा उघड्याच राहिलेल्या. त्या किनाऱ्यावरची दमट हवा पितात, फुगतात आणि दार बसत नाही. ओढून बसवले तर रात्री आपोआप उघडते. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्याला भूकंपाचे हादरे बसू लागले, तेव्हापासून बिजागरीचा दोष भूगर्भावर ढकलण्याची सोय झाली आहे. पावसाळ्यासाठी भरलेले सुके बोंबील बंद खणात ठेवले की आठ दिवसांत घरभर कळते. ते पुन्हा बाहेर, पूर्वीच्याच पत्र्याच्या डब्यात जातात.

पाहुण्यांना कपाट दाखवताना तो ते हाताने ठोकून दाखवतो, पण दार स्वतःच उघडतो. कोणते किती उचलून ओढायचे ते त्यालाच माहीत. वाचलेल्या पैशांचा हिशेबही तोंडपाठ असतो. त्यात ड्रिल मशीन, बिघडलेली दुसरी शीट आणि तीन हाफ-डे धरलेले नसतात. ड्रिल मशीन, करवत, रंधा आणि उरलेले स्क्रू कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात राहतात. तो खण बरोबर मापाचा असतो.

मसाल्याच्या बरण्या ओट्यावरच आहेत. त्यांच्यासाठी सांगितलेली फळी अजून लावायची आहे.