गाईडमहाराज, आमच्या पोरांचे प्रश्न परत करा

गाईडमहाराज,

दप्तरात तुमचा मान पाठ्यपुस्तकाच्याही वरचा. पोरानं धडा उघडायच्या आत तुम्ही उत्तर हातात ठेवता. ‘टीपा लिहा’ तयार, ‘कारणे द्या’ तयार. म्हणून तर बारामतीतलं सातवीचं पोर सनावळी घडाघडा म्हणतं आणि बाबूजी नाईकांच्या वाड्यावरून सायकल दामटताना त्याला काहीच विचारावंसं वाटत नाही. ही उघड चोरी आहे. ते प्रश्न पोरांचे होते.

तो वाडाच घ्या. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले, तेव्हा पेशवाई बाबूजी नाईकांना मिळावी म्हणून रघूजी भोसल्यांनी जोर लावला होता. नाईक सावकार, आणि बाजीराव त्यांचे कर्जदार! शाहू महाराजांनी वस्त्रं दिली ती नानासाहेबांना. वर्गात हा दरबार भरवा. एक गट नाईकांचा, एक नानासाहेबांचा, आणि शाहू झालेल्या मुलीनं निकालाची कारणं सांगायची. ती मुलगी सत्ता आणि पैशाचं नातं जन्मात विसरणार नाही. तुमच्या पाच ओळी मात्र पेपर संपला की पुसल्या जातात.

इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. राजे इथल्याच लढाईत पडले, पण त्यांच्या मृत्यूचं साल वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळं आहे. तुम्ही एक छापून मोकळे होता. असं का झालं, कोणाचा पुरावा जवळचा, हे मुलांनी गढीवर उभं राहून भांडून ठरवावं. इतिहास तिथेच तर सुरू होतो.

आणि पळसदेव! १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी चढलं आणि जुनं गाव बुडालं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. ज्यांनी ते गाव सोडलं, त्यांची नातवंडं आज शाळेत आहेत. या सुट्टीत त्यांना एवढंच काम द्या: आजीला विचारून जुन्या गावाचा नकाशा काढायचा. वेस कुठे होती, आड कुठे होता, कोणाची किती जमीन गेली, बदल्यात कुठे मिळाली. मग घरातला जुना सातबारा काढून ताडून पाहायचं. दोन आज्यांचे नकाशे जुळणार नाहीत. जुळू नयेतच, कोणाचं का चुकलं हे शोधताना साधनांची पारख काय असते ते मुलांना कळेल. आणि एका तालुक्याचं पाणी दुसऱ्याच्या उसाला जातं तेव्हा किंमत कोण मोजतं, हा प्रश्न कोणी न शिकवता त्यांच्या तोंडी येईल.

मार्कांची भीती मला घालू नका. दरबारात कडाकडा भांडलेल्या मुलीला ‘कारणे द्या’ हा प्रश्न अवघड जाणार नाही. शिक्षकांना वेळ नाही, हे मात्र खरं आहे. त्यांच्यावरची कागदी कामं कमी करा, म्हणून आम्ही पालक शाळेत आणि पंचायत समितीतही भांडू.

तुम्ही फक्त मे महिनाभर पोरांच्या वाटेला जाऊ नका. त्यांना आजीकडे जायचं आहे.

– एक पालक