आधी पाणी लागतं

आमच्या जालना जिल्ह्यात शोधायची वस्तू एकच, पाणी. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरणारे पाणाडे आमच्याकडे आहेत, कडुनिंबाची बेचकी धरून चालणारे आहेत. नारळ उभा राहिला की खाली झरा, असा हिशेब. मग बोअरचं मशीन येतं, चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडतो, आणि पाणाडी म्हणतो, झरा होता, पण तो सरकला.

अशा मुलखात मी मासे शोधायचं यंत्र घेणार, हे घरी सांगितल्यावर बायकोने दोनच प्रश्न विचारले. मासे कुठले? आणि शोधून करणार काय? दुसरा प्रश्न अवघड होता. ती माळकरी. आमच्या घरात मासा येतो तो दशावतारात, पहिल्या नंबरावर, आणि तिथेच थांबतो. मी म्हणालो, “फक्त बघणार.” तिने माझ्याकडे पाहिलं. सराफाच्या दुकानात ‘फक्त बघायला’ निघालेल्या तिच्याकडे मी असाच पाहत असतो.

होडी आधीच घेऊन झाली होती. कुठल्याशा रिसॉर्टने मोडीत काढलेली, फायबरची, दोन माणसांची लांबट कॅनू. परतूर तालुक्यात निम्न दुधना प्रकल्पाच्या फुगवट्यावर ती उतरवली, तेव्हा काठावरच्या लोकांनी तिचं बारसं लगेच केलं. “ही तर बैलाची डोण!” गुरांना पाणी पाजायच्या डोणीशी तिचं साम्य आहे, हे मला तोवर सुचलं नव्हतं. त्यानंतर दुसरं काही सुचत नाही. या धरणाची भिंत परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. पाणी मात्र मागे फुगत आमच्या हद्दीत शिरलेलं. इथले मासेमार थर्माकोलच्या चप्पूवर बसतात. त्यावर बसायला तोल लागतो आणि माझा तोल सेवानिवृत्तीबरोबर गेला.

यंत्र निवडताना कळलं की मासे कुठलंच यंत्र शोधत नाही. ते पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतं, एवढंच. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. आवाज मुख्यतः तिच्यावर आपटून परततो, म्हणजे पडद्यावर दिसतो तो मासा नव्हे, त्याच्या पोटातला वारा. हे तंत्र मासेमारीत व्यवहाराला लावलं जपानमधल्या नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी, १९४८ साली. पुढे त्याचे भाईबंद कोकणातल्या ट्रॉलरवर आले. मराठवाड्यात उतरायला त्यांना माझी निवृत्ती यावी लागली.

बाजारात तीन तऱ्हा दिसल्या. एक चेंडूसारखा, दोरीला बांधून पाण्यात फेकायचा. तो मोबाइलला वायफायने चित्र पाठवतो. सुटसुटीत खरा, पण उन्हात मोबाइलवर स्वतःचंच तोंड दिसतं. दुसरी तऱ्हा नकाशे, उपग्रह आणि बाजूचं चित्र दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यांची. त्यांच्या किमतीत बरी सेकंडहँड मोटरसायकल येते, आणि माझं पाणी असून असून किती? तिसरी तऱ्हा मधली: पाच इंची पडदा, वायर आणि तिच्या टोकाला पाण्यात बुडवायचा संवेदक. ती घेतली. आवाजाचा झोत वीस अंशांचा. विजेरीच्या उजेडासारखा तो खाली फाकत जातो. तीस फुटांवर त्याची रुंदी जेमतेम साडेदहा फूट. साठ अंशांचा रुंद झोतही मिळतो, पण उथळ पाण्यात तो काठावरची बाभळीची खोडंसुद्धा पोटात घेतो आणि सगळ्यांना मासे म्हणतो.

आता जोडणी. पुस्तिकेत लिहिलं होतं, संवेदक होडीच्या तळाला आतून सिलिकॉनने चिकटवा, बुडबुडा राहू देऊ नका. हवेचा एक पापुद्रा मधे आला की आवाज तिथूनच परततो. मला पोळीसुद्धा बुडबुड्याशिवाय लाटता येत नाही. म्हणून मी आपल्या जिल्ह्याची अभियांत्रिकी वापरली: पीव्हीसी पाइपची कांडी, एक एल्बो, दोन क्लॅम्प, आणि होडीच्या काठाला आडवी बांधलेली फळी. पाइप फिरवला की संवेदक पाण्यात, उलटा फिरवला की बाहेर. एवढं सामान ठिबकच्या दुकानात मिळालं. दुकानदाराला वाटलं, मी मोसंबीला काही नवीन करतोय. बॅटरीचा प्रश्न तर भावाच्या गोठ्यातच सुटला. कपाशीच्या फवारणी पंपातली बारा व्होल्टची बॅटरी, आठ अँपिअर-तासांची. यंत्र खातं अर्धा अँपिअरसुद्धा नाही. एका चार्जिंगवर दोन-तीन सकाळी निघतात. अट एकच, फवारणी संपल्याशिवाय बॅटरी मिळणार नाही. त्यामुळे माझं नौकानयन कापसाच्या बोंडअळीवर अवलंबून आहे.

पहिली चाचणी अंगणातल्या हौदात घेतली. यंत्राने सात मासे दाखवले, त्यातले दोन मोठे. बायको बादली घेऊन आली होती, ती बादली तशीच खाली ठेवून म्हणाली, “आता हे पाणी मी देवाला कसं घालू?” नंतर समजलं, ते बुडबुडे होते. पडद्यावर माशांची चित्रं काढायची एक सोय असते. यंत्र मनाने ठरवतं की हा मासा, आणि उत्साहाने चित्र काढतं. ती सोय पहिल्यांदा बंद करावी, असं जाणते सांगतात. मग उरतात नुसत्या कमानी: मासा झोतात शिरताना लांब, मधे आला की जवळ, निघताना पुन्हा लांब.

यंत्राची बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. बघायला येणारा प्रत्येकजण एकच विचारी, “साहेब, बोअरचं पाणी दिसंल का ह्याच्यात?” मी सांगे, नाही. हा आवाज निघायलाच आधी पाणी लागतं. पाणी असेल तिथंच हे पाण्याविषयी बोलतं. यावर एक आजोबा म्हणाले, “मंग आमच्या पुढाऱ्यांसारखंच की. भरलं धरण असलं तरच येत्येत.”

कार्तिकात एका सकाळी तात्यांना पुढे बसवून निघालो. त्यांचं रान या धरणात गेलं. भोयांकडून जाळं टाकायला शिकून ते याच पाण्यावर राहिले. पडद्यावर उजव्या कडेला आत्ताचं दिसतं आणि डावीकडे सरकतं ते मागे पडलेलं, हे मी त्यांना समजावत होतो. ते ऐकत होते, म्हणजे ऐकल्यासारखं करत होते. दोन-चार कमानी आल्या. “कटला असंल,” मी तज्ज्ञासारखा म्हणालो. तात्यांनी पडद्याकडे न बघता पाण्याकडे बघितलं. “चिलापी हाय. कटला हितं कशाला येतोय?”

तळ अकरा फुटांवर होता, सपाट. मधे एक उंचवटा गेला, लांब आणि सरळ. “बांध,” तात्या म्हणाले. मग पुन्हा सपाट. आणि एकदम तळाची रेघ तुटली, खाली गेली ती चौतीस फुटांवर थांबली. थोड्या वेळाने वर येऊन पुन्हा अकरा. मला वाटलं क्लॅम्प सरकला. मी पाइप चाचपायला वाकलो, होडी कलली.

“हलू नका,” तात्या म्हणाले. “हीर हाय ती.”

“कुणाची?”

“आमची.” वल्हं त्यांनी आडवं धरलं होतं. “जाळं अडकतंय हितं कडेच्या दगडाला. किती दाखवायलंय?”

मी आकडे सांगितले. त्यांनी बोटांवर हिशेब केला. अकरा वजा करून तेवीस. पक्क्या बांधकामाची विहीर, पन्नास फूट होती.

“निम्म्याच्या वर गाळानं भरली की,” ते म्हणाले. मग वल्हं पाण्यात घालून त्यांनी कॅनू हळूच वळवली. “परत घ्या बरं तिच्यावरून. जिन्याच्या बाजूनं घ्या.”