एकटा जीव, फेरीबोट

हल्ली एकट्याने फिरायला किमान तिघे लागतात. एक प्रत्यक्ष एकटा फिरणारा, दुसरा त्याचे एकटेपण मोबाइलमध्ये टिपणारा आणि तिसरा घरी बसून ‘पोचलास का रे’ विचारणारा. त्यात बेट असेल तर सोन्याहून पिवळे. म्हणून बाली, मालदीव, गेला बाजार अंदमान. हप्त्यावर पैसे काढून जायचे, वाळूत पाठमोरे बसायचे आणि फोटोखाली ‘स्वतःला शोधताना’ असे लिहायचे. सापडला की नाही, ते पुढे कोणी कळवत नाही.

मी सुचवतो आहे ती बेटवारी इतकी स्वस्त आहे की चारचौघांत सांगायचीही लाज वाटावी. सकाळी पणजीहून निघा, मांडवीतली चोडण आणि दिवाडी ही बेटे पाहा, मध्येच पलीकडच्या नार्व्याला सप्तकोटेश्वराचे दर्शन घेऊन या, संध्याकाळी जुन्या गोव्यात उतरा. दिवसभराचे बोटभाडे शून्य. गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीटच नाही. पैसे पडतात ते मोटारीला. माणसाला सोडून मोटारीकडून वसुली करणारे सरकारी खाते या देशात अजून शिल्लक आहे, ही बातमी दिल्लीपर्यंत जाऊ नये म्हणून मी आवाज जरा खाली ठेवून सांगतोय. 2023 साली दुचाक्यांनाही पैसे लावायचा घाट घातला गेला होता. लोक असे खवळले की सरकारने तो गुंडाळून ठेवला.

तरीही या बोटींत पर्यटक फार दिसत नाही, कारण फुकट म्हटले की त्याला संशय येतो. त्याच मांडवीत, पणजीच्या काठाला, दिव्यांनी लगडलेल्या कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. तिथे नुसते आत शिरायलाच हजारांच्या नोटा मोजाव्या लागतात आणि रात्रभर बसलात तरी बोट पलीकडच्या काठाला काही जात नाही. जागची न हलणारी बोट महाग आणि नदी पार करून देणारी फुकट. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर एखादा पेपर लिहावा. एकट्याने, हवे तर.

पणजीहून जुन्या गोव्याकडे जाणारी बस पकडायची आणि रायबंदरला उतरायचे. हा रस्ता पाण्यातून, मिठागरांच्या मधून काढलेला. 1630 च्या दशकात लिन्यारिशचा काउंट पोर्तुगीज व्हाइसरॉय असताना हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध-पूल झाला आणि आजही त्यावरून बसगाड्या धडधडत जातात. शेजारच्या मांडवीवर 1970 साली स्वतंत्र भारताने पूल बांधला, तो 1986 च्या जुलैत नदीत कोसळला. पोर्तुगीजांचे कौतुक करायला मी इथे बसलेलो नाही, पण ठेकेदार कोण होता ते विचारून ठेवायला हवे होते. पूल पडल्यावर मांडवीच्या दोन्ही काठांची ने-आण कोणी केली? याच सपाट, गंजक्या, कोणी ढुंकून न पाहणाऱ्या फेरीबोटींनी.

रायबंदरच्या धक्क्यावर आता जरा थाट आला आहे. 2025 च्या जुलैत चोडणच्या मार्गावर दोन मोठ्या रो-रो बोटी आल्या. नावे ‘गंगोत्री’ आणि ‘द्वारका’. मांडवीतल्या बोटीला गंगोत्री म्हणणे एक वेळ समजू शकतो, नदीला नदीचा मान. पण पुराणात जी नगरी समुद्रात बुडाली तिचे नाव बोटीला द्यायला छाती लागते. बारसे करणाऱ्यांनी बहुधा कीर्तन अर्ध्यातच सोडले असावे.

जुन्या फेरीबोटीची गंमत मात्र वेगळी. लोखंडी फळी धाडकन धक्क्यावर पडते आणि आधी दुचाक्या घुसतात. दोन दुचाक्यांच्या आरशांमध्ये बोटभर फट उरली तरी तिसरी तिथे बसवली जाते. मग मोटारी, मग उरलेल्या जागेत माणसे. इंजिने बंद. हेल्मेट कोणी काढत नाही, कारण पलीकडचा काठ समोरच दिसत असतो. मासेविक्रीची टोपली घेऊन आलेली बाई रेलिंगला पाठ टेकून डोळे मिटते. शाळेच्या गणवेशातली पोरे एकमेकांच्या वह्या उतरवतात. नदीकडे बघणारा माणूस बोटीत एकच असतो आणि तो बाहेरचा असतो. काठ हाताच्या अंतरावर आला की कोणी न सांगता सगळ्या दुचाक्या एकदम सुरू होतात, धुराचा लोट उठतो आणि फळी पूर्ण टेकायच्या आत पहिली स्कूटर बेटावर पोचलेली असते. ‘शांत, निवांत बेटजीवन’ ज्याला म्हणतात ते हे.

चोडणला उतरलात की धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. आकार पावणेदोन चौरस किलोमीटर, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या बिल्डरला ‘फेज वन’ म्हणून पुरेल एवढा. 1988 साली ते अभयारण्य झाले आणि वाचले. खारफुटीत भरतीच्या वेळी होडीतून फिरवून आणतात. पण पक्षी दिसलेच पाहिजेत असा हट्ट न धरणाऱ्याने ओहोटीच्या वेळी नुसते काठाशी उभे राहून चिखल पाहावा. त्यात निवटे असतात. मासा असून हा प्राणी चिखलावर पंखांच्या कोपरांवर सरपटत येतो, दोन डोळे डोक्यावर बाहेर काढून तुमच्याकडे पाहतो आणि दुसरा निवटा हद्दीत आला की पाठीवरचा पंख झेंड्यासारखा उभारून त्याच्या अंगावर जातो. पाण्यात राहायचे की जमिनीवर, हे लाखो वर्षांत ठरलेले नाही. तरी जागेवरून भांडण आहेच.

चोडणचे खरे यंत्र मात्र पक्ष्यांच्या फलकावर नाही. ते आहे खाजण शेतीच्या बांधात. इथली जमीन भरतीच्या पातळीच्या खाली. बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि आत पावसाच्या पाण्यावर भात घ्यायचा. बांधाला एक लाकडी दरवाजा असतो, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्यानेच दार मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी त्याला ढकलून बाहेर पडते. मोटर नाही, सेन्सर नाही, ‘स्मार्ट’ काहीही नाही, त्यामुळे चालते. मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की ओहोटीबरोबर कोळंबी आयती येते. गाळ चिकटलेल्या त्या फळ्यांपाशी मी बराच वेळ उभा होतो. शेजारून जाणाऱ्या एका आजोबांना वाटले माझे काही पडले आहे. ‘चावी शोधताय का?’ असे काहीसे त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ते निघून गेले. एकटा फिरणारा माणूस गावाला नेहमीच थोडा बावळट वाटतो. ते बरोबरच आहे.

परत रायबंदर, तिथल्याच दुसऱ्या धक्क्यावरून दिवाडी. चोडणला निदान मागच्या बाजूने डिचोलीकडे जायला रस्ता आहे. दिवाडीला तोही नाही. बेटावर जायचे तर फेरीबोट, यायचे तरी फेरीबोट. नाही म्हणायला कोकण रेल्वे बेटावरून जाते, पण थांबत नाही. मडगावची गाडी दिवाडीकरांना रोज ऐकू येते, एवढाच त्यांचा रेल्वेप्रवास.

पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे, तिथून भातखाचरे, नदी आणि पलीकडचे जुन्या गोव्याचे घुमट दिसतात. त्याच्या स्मशानभूमीत कदंबकाळातल्या देवळाचे कोरीव अवशेष आहेत. खाली गावात शिंपल्यांच्या खिडक्यांची, लांबरुंद बाल्कावांची, म्हणजे दारापुढच्या ओसऱ्यांची घरे. निम्मी बंद. मालक लिस्बनला, लंडनला किंवा दुबईला. ज्यांची दारे रंगवून नवी केलेली दिसतात ती बहुधा विकली गेलेली. उत्तरेतून येऊन ‘साधे जगणे’ विकत घेणारे लोक आता इथवर पोचलेत. साध्या जगण्याला त्यांना पोहण्याचा तलाव मात्र लागतो. सगळीकडे नदी असलेल्या बेटावर.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरा असतो. जमिनीच्या हद्दीवरून वाड्यावाड्यांत मारामाऱ्या होत, म्हणून पोर्तुगीजांनी हद्दींवर निशाणे रोवली; लोकांनी ती पाडायला सुरुवात केली. त्या पाडापाडीचा आता सण झाला आहे. चित्ररथ, बँड आणि बांबूच्या पिचकारीतून फळे मारण्याची लुटुपुटीची लढाई. त्या दिवशी फेरीबोटीत जे पाय ठेवायला जागा मिळवतील त्यांनी एकट्याने प्रवास केला असे म्हणू नये.

दिवाडीच्या उत्तरेच्या टोकाला नार्व्याची फेरीबोट. हा जलमार्ग खात्याने सुरू केलेला नाही, तो देवाने सुरू केला. सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा कुलदेव, त्याचे देऊळ दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले आणि लोकांनी लिंग नदीपार डिचोलीत नेले, कारण तो मुलूख त्यांच्या हद्दीबाहेर होता. मधल्या काळात ते लिंग विहिरीच्या रहाटाला वापरले होते असेही सांगतात. 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्व्याचे देऊळ नव्याने बांधवले, तसा शिलालेख तिथे आहे. घुमट, दीपमाळ, झाडी आणि दुपारची सुस्त शांतता. किल्ल्यांवर महाराजांचा जयजयकार करून घसा बसवणाऱ्या आमच्या मंडळींपैकी किती जण गोव्यात आल्यावर इकडे वळतात, हे मोजायला नार्व्यात वेगळा माणूस ठेवायची गरज पडत नाही. पुजारी मोकळेच असतात.

दिवसाच्या शेवटी पुन्हा दिवाडीवर येऊन जुन्या गोव्याची फेरीबोट. समोर व्हाइसरॉयची कमान हळूहळू मोठी होत जाते. वास्को द गामाच्या पणतवाने, तोही व्हाइसरॉयच, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली. पडली म्हणून 1954 साली पुन्हा उभारली, म्हणजे जायच्या सात वर्षे आधी पोर्तुगीजांनी दाराची दुरुस्ती केली. नदीच्या अंगाला पणजोबांचा पुतळा. शहराच्या अंगाला तलवार घेतलेली बाई, तिच्या पायाखाली पडलेला एतद्देशीय. एके काळी नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरून याच कमानीखालून वाजतगाजत शहरात शिरत असे. आता रिकाम्या टोपल्या, पावाच्या पिशव्या आणि शिकवणीची दप्तरे शिरतात.

बोटीत माझ्या शेजारी आमच्याच पुण्याचा एक तरुण होता. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर, गळ्यात कॅमेरा. दिवाडीला पूल व्हावा की नाही यावर बेटावर दोन तट आहेत. रात्री छातीत कळ आली तर घर आणि बांबोळीचे इस्पितळ यांच्यामध्ये नदी असते, असे एक म्हणतात. पूल आला की पाठोपाठ जमिनीचे दलाल येतील, असे दुसरे म्हणतात. दोघांचेही खरे आहे आणि दोघांनाही तिथे राहायचे आहे. आमच्या पुणेकराला तिथे चार तासच काढायचे होते, त्यामुळे त्याचे मत ठाम होते.

‘‘इथे पूल कधीच होता कामा नये,’’ तो कमानीचा फोटो काढत म्हणाला. ‘‘सगळी मजाच जाईल.’’

रेलिंगला टेकलेल्या मासेवालीने डोळे उघडले.

‘‘तुमी खंयचे?’’

‘‘पुण्याचे.’’

‘‘तुमच्या न्हंयचेर पूल कितले?’’

तो आठवू लागला. लकडी पूल, बालगंधर्व, म्हात्रे पूल, राजाराम पूल... मी मदत म्हणून संगम पूल सुचवला.

‘‘मगीर तांतले दोन मोडून उडयात,’’ ती म्हणाली. ‘‘मजा येतली.’’

फळी धाडकन पडली. सगळ्या दुचाक्या एकदम सुरू झाल्या, आमच्या गाववाल्याची होईना. मागच्या दोघांनी ढकलून ती धक्क्यावर काढून दिली. त्याचेही पैसे घेतले नाहीत.